खेळणी-वस्तुपाठ (खानदेशातील ख्रिस्ती बालशिक्षण)

मुलांची खेळणी, त्यांचे खेळ आणि लहानपणी त्यांना आलेले अनुभव यांच्या आधाराने बायबलमधील दाखला किंवा वचन शिकवण्याच्या पद्धतीला खेळणी-वस्तुपाठ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत (स्थानिक चर्चमध्ये) तिची जागा मुख्यतः संडे स्कूलमध्ये (जुन्या बोलण्यात शब्बाथशाळा) आणि उन्हाळी सुटीतील बायबल शाळेत असते. ज्वारीच्या धांड्याची (ताटाची) गाडी, काळ्या मातीचे बैल, चिंचोके, विटेचे तुकडे ही साधने इथे विकतच्या खेळण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. ती मुलांच्या हातातली असतात, आणि गाडीचे जू कशाला म्हणतात हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही.

या पद्धतीचे मूळ शुभवर्तमानातच आहे. मत्तय ११:१६-१७ मध्ये येशू बाजारात बसलेल्या मुलांचा खेळ सांगतो. एक गट दुसऱ्याला म्हणतो, आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत. आम्ही विलाप केला तरी तुम्ही ऊर बडवला नाहीत. म्हणजे एकदा लग्न-लग्न खेळून झाले, एकदा मयत-मयत, आणि रुसलेले गडी कशातच येईनात. बाहुला-बाहुलीच्या लग्नात डबा वाजवणाऱ्या मुलांना हा उतारा वाचून दाखवला की त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. जखऱ्या ८:५ मध्ये तर यरुशलेमच्या पुन्हा वसण्याची खूण म्हणून रस्त्यात खेळणारी मुले-मुली दाखवली आहेत.

नंतरच्या इतिहासातले टप्पे थोडक्यात असे. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेचो गावात खरी गव्हाण आणि खरी जनावरे ठेवून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सने इंग्लंडमधील ग्लॉस्टरला रविवारची शाळा सुरू केली. फ्रीड्रिश फ्रोबेल हा लुथरन पाळकाचा (धर्मगुरूचा) मुलगा. त्याने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाची (किंडरगार्टनची) सुरुवात केली आणि लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन अशी शिक्षणाची खेळणी ठरवून दिली. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक कर्मठ घरांत रविवारी खेळण्यांना बंदी असे, मात्र नोहाचे लाकडी तारू चाले, कारण ते बायबलमधले. भारतात १८७६ मध्ये इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. १९५४ पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी माँटेसरी पद्धतीवर आधारलेले धर्मशिक्षण विकसित केले. त्यात उत्तम मेंढपाळाचा दाखला लहान लाकडी आकृत्या हलवून सांगितला जातो. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. आज नवापूर, नंदुरबार, साक्री या भागांतल्या मंडळ्यांत मावची, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी घरांतली मुले संडे स्कूलला येतात.

धडा बसवताना

खेळ आधी आणि वचन नंतर, हा क्रम मोडला की धडा बिघडतो. साधारण ४० मिनिटांच्या वर्गात २० मिनिटे खरा खेळ, १० मिनिटे गोष्ट आणि उरलेल्या वेळात वचन व प्रार्थना, असे माप ठेवावे. एका खेळण्याला एकच अर्थ द्यावा. चाक म्हणजे विश्वास, आस म्हणजे प्रार्थना, साटी (गाडीची बैठक) म्हणजे मंडळी अशी वाटणी सुरू झाली की मुले गाडी विसरतात आणि शिक्षकाला हवे ते उत्तर शोधू लागतात. खेळणे स्वतः जे करून दाखवते तेवढेच शिकवावे. भोवऱ्याचेच पाहा. ‘भोवरा फिरतो तोवर उभा, तशी प्रार्थना चालू ठेवा’ असे सर्रास सांगतात, पण प्रत्येक भोवरा शेवटी पडतो हे मुलाला ठाऊक असते. हा धडा सोडून द्यावा.

जू: काठी आणि बादली

मत्तय ११:२८-३० मधले ‘माझे जू सोयीचे’ हे वचन खानदेशात शिकवायला सर्वांत सोपे, आणि चुकवायलाही सोपे. साहित्य म्हणजे सुमारे चार फुटांची गुळगुळीत काठी, दोरी आणि पाच लिटर पाणी घातलेली बादली. एक थोराड आणि एक लहान अशी दोन मुले काठीची टोके धरतात. प्रथम बादली बरोबर मधोमध टांगावी. ओझे दोघांना सारखे. मग दोरी थोराड मुलाच्या हातापासून एक वीतभर अंतरावर आणावी. लहान मुलाच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो: काठी त्याच्याही हातात आहे, तोही चालतो आहे, पण भार दुसऱ्याने घेतला आहे. नवा गोऱ्हा मुरलेल्या बैलाशेजारी जुंपताना शेतकरी जुवावरची दोरी मुरलेल्या बैलाकडे सरकवतो, ती याच कारणाने. येशू जू काढून टाकतो असे वचनात नाही; तो जू देतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतः असतो. मुलांना हे सांगावे, पण बादली खाली ठेवल्यानंतर.

हमखास चूक अशी होते: थोराड मूल उंच असते, काठी तिरपी होते आणि दोरी घसरत लहान मुलाकडे जाते. धडा उलटा होतो. म्हणून चाकूने काठीवर आधीच दोन खाचा पाडाव्यात, एक मध्ये आणि एक टोकाजवळ. बादली पूर्ण भरू नये. पाणी हिंदकळले की मुलांचे लक्ष पायांकडे जाते.

यानंतर धांड्याची गाडी करायला घ्यावी. त्यासाठी वाळलेले, अंगठ्याएवढे जाड, लांब पेरांचे धांडे लागतात. हिरवे धांडे वाळताना आकसते आणि सांधे सुटतात. साल पट्ट्यांनी सोलून पट्ट्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात ठेवल्या की वाकवताना मोडत नाहीत. चाकाच्या वळ्याला (गोल कड्याला) पट्टी, तुंब्याला (चाकाच्या मधल्या भागाला) आतल्या गाभ्याचा तुकडा आणि सांध्यांना सालीच्याच टोकदार काड्या. खिळा किंवा डिंक लागत नाही. जू वीतभर सरळ पेराचे, त्यात चार शिवळा (बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या). सालीची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे आणि जवळ चिंधी ठेवावी.

खडक आणि वाळू

मत्तय ७:२४-२७ चा, खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दाखला पांझरा किंवा बुराई नदीच्या काठच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. आठ महिने कोरडे असलेले पात्र पावसाळ्यात एका रात्रीत भरते, आणि येशूच्या देशातल्या ओढ्यांचीही तीच तऱ्हा होती. एक लांबट ट्रे घ्यावा, एका टोकाखाली वीट ठेवून उतार द्यावा आणि खालच्या टोकाला पाणी निघून जायला वाट ठेवावी. अर्ध्या भागात एक चपटा काळा दगड, अर्ध्यात निदान चार इंच कोरडी, चाळलेली वाळू. दोन्हींवर विटेच्या सहा-सहा तुकड्यांचे सारखेच घर रचावे. मग वरच्या टोकाकडून तांब्याने, घराच्या पायाशी पाणी सोडावे. वाळू पायाखालून वाहून जाते आणि घर झुकते. त्याला पाच-दहा सेकंद लागतात आणि मुले त्या वेळात श्वास रोखून बघतात.

वाळू ओली असेल तर ती घट्ट धरते आणि घर पडतच नाही. थर पातळ असेल तर घर ट्रेच्या तळाला टेकून उभे राहते. पाणी वरून ओतले तर दोन्ही घरे पडतात. रिकाम्या काड्यापेट्यांची घरे केली तर ती तरंगत जातात.

याहून मोठी चूक वेगळी आहे. खडकावर विटांचा बंगला आणि वाळूवर कुडाचे खोपट मांडण्याची सवय अनेकांना असते. कुडाच्या घरात राहणारे मूल समोर बसलेले असते, आणि ‘मूर्ख माणसाचे घर’ म्हणून त्याचेच घर दाखवले जाते. दाखल्यात घरांमध्ये फरक नाही. फरक पायात आहे. घरे सारखीच ठेवणे हा या धड्याचा कणा आहे.

माती

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून एकट्या काळ्या मातीचे बैल दुसऱ्या दिवशी भेगाळतात. तीन वाट्या चाळलेली माती, एक वाटी बारीक वाळू आणि मूठभर राख असे मिश्रण रात्रभर भिजवून सकाळी तुडवावे. पातळ पाय आणि शिंगांत बारीक काडी घालावी. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या हातातले भांडे बिघडते आणि तो त्याच मातीचे दुसरे करतो. मुलाचे बैल मोडले तर शिक्षकाने नवी माती देऊ नये. त्याच गोळ्यातून पुन्हा करू द्यावे. न भाजलेली वाळलेली वस्तू बादलीत टाकली तर थोड्याच वेळात विरघळून परत माती होते, हे तिथेच दाखवावे. भाजलेल्या मडक्याची खापरी दुसऱ्या बादलीत ठेवावी, ती तशीच राहते. यिर्मयाच्या पुढच्याच अध्यायात (१९) भाजलेला मातीचा घडा फोडला जातो, तो पुन्हा जोडता येत नाही. दोन अध्यायांमधला हा फरक दोन बादल्यांत उतरतो. मोठ्या मुलांसाठीच हा दुसरा भाग ठेवावा. लहानांना भीती घालण्याचे काम त्यातून होऊ नये.

हरवलेले मेंढरू

लूक १५ मधल्या, शंभरांतले एक मेंढरू हरवण्याच्या दाखल्यासाठी शंभर चिंचोके मोजून घ्यावेत. दहा मुलांना दहा-दहा द्यायचे, पण एक चिंचोका आधीच चुन्याने रंगवून अंगणात लपवायचा. कोणाकडे नऊच आहेत हे मुलांना स्वतः मोजून कळले पाहिजे. शिक्षकाने सांगितले की हरवल्याची हुरहूर निघून जाते. अंगण आधी झाडून घ्यावे, नाहीतर चिंचेखाली शंभर ‘मेंढरे’ सापडतात. सापडल्यावर सगळ्यांनी ओरडून आनंद करावा, कारण दाखल्याचा शेवट आनंदातच आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना चिंचोके देऊ नयेत. ती नाकात किंवा तोंडात घालतात. त्यांच्यासाठी मक्याच्या बुरकुंड्याला (दाणे काढलेल्या कणसाला) घरचा कापूस गुंडाळून दहा मेंढरे करावीत. साक्रीकडून ठेलाऱ्यांचे (मेंढपाळांचे) कळप जातात तेव्हा धडा घ्यायला मिळाला तर फारच चांगले: कळप चालताना ठेलारी कुठे असतो, हाक कशी देतो, हे मुलांकडूनच काढून घ्यावे आणि मग मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात हे सांगणारे योहान १०:३-४ वाचावे.

नोहाचे तारू

तारवाची मापे उत्पत्ती ६:१५ मध्ये हातांत दिली आहेत: लांबी ३००, रुंदी ५०, उंची ३०. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. सुतळीला दर हाताला गाठ मारून कापणी झालेल्या शेतात लांबी मोजायला लावली तर मुले सुमारे १३५ मीटर चालत जातात आणि मागे वळून बघतात. चित्रांतले गुबगुबीत तारू तिथेच मागे पडते. खोक्याचे छोटे तारू करायचे तर ३० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, ३ उंच, आत तीन मजले.

मुलांचे अनुभव

खेळण्याइतकेच मोलाचे साधन म्हणजे मुलाची आठवण. सारंगखेड्याच्या यात्रेत आईचा हात सुटणे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या झोक्यावरून पडणे, घरातली वस्तू फोडून लपणे. तीनच प्रश्न विचारावेत: काय झाले, पोटात कसे झाले, मग कोण आले. उत्तर दुरुस्त करू नये. उधळ्या पुत्राची गोष्ट अहिराणी घरांत अहिराणीत सांगावी. ‘धाकला आंडोर’ म्हटले की तो घरातला होतो; ‘कनिष्ठ पुत्र’ पुस्तकात राहतो. वचन मात्र मराठी बायबलमधले जसेच्या तसे पाठ करून घ्यावे, म्हणजे उपासनेत मोठ्यांबरोबर म्हणता येते.

‘देव बापासारखा आहे’ या वाक्यापूर्वी शिक्षकाने वर्गाकडे नीट पाहावे. दारू पिऊन मारणारा बाप असलेल्या मुलाला त्या शब्दाने धीर येत नाही. त्याच्यासाठी आजी, मामा, मोठी बहीण, ज्याने त्याला शोधून आणले तो माणूस घ्यावा. मुलाने मारहाणीसारखे काही सांगितले तर ते वर्गात चर्चेला घेऊ नये, साक्ष म्हणून इतरांसमोर वदवून तर मुळीच घेऊ नये. वर्ग संपल्यावर शांतपणे ऐकावे, पाळकांना आणि विश्वासू मोठ्या माणसाला सांगावे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते.

शेजारपाजारची इतर धर्मांची मुलेही खेळ पाहून येतात. त्यांच्या आई-वडिलांना आधी विचारावे. पोळ्याला पूजलेले बैल किंवा गुलाबाईच्या (मुलींच्या सणातल्या देवीच्या) मूर्ती धड्यात खेळणी म्हणून आणू नयेत. वर्गासाठी वेगळे बैल करावेत. हजेरीबद्दल खेळणी बक्षीस देण्याची प्रथा टाळावी. त्यातून मुले खेळणी मोजायला शिकतात, आणि गरीब घरांवर त्याचे दडपण येते.

नंदुरबारच्या पश्चिम भागातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. अशा मुलांसाठी धडे सलग मालिकेत बांधू नयेत. प्रत्येक धडा एका बैठकीत पुरा व्हावा. जाताना त्यांच्याबरोबर कापडी पिशवीत दहा चिंचोके आणि गाठी मारलेली सुतळी द्यावी, म्हणजे उसाच्या फडावर मोठे भावंडही धडा घेऊ शकते.

साठवण फारशी लागत नाही. वाळू आणि विटेचे तुकडे पत्र्याच्या डब्यात, चिंचोके कडुनिंबाच्या पाल्यासह बरणीत. धांड्याच्या गाड्या ठेवू नयेत, गाभ्याला भुंगा लागतो; त्या मुलांना घरी न्यायला द्याव्यात आणि पुढच्या कापणीनंतर नव्या कराव्यात. मोडके बैल बादलीत भिजत घालावेत, पुढच्या रविवारची माती तयार होते.