कार्ल फ्रिस्टन यांचे अडीचशे आणि एक मेलेला मासा

पावसाळा सरत आला की जिल्हा पुरवणीत एक ठरलेली बातमी येते: 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या महाविद्यालयाचे प्राध्यापक'. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी संदर्भांच्या आकडेवारीवरून काढतात. कुणाच्या शोधनिबंधाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, हे त्यातून कळतं. का दिला, ते कळत नाही. त्या 'का'साठी मेंदूविज्ञानातल्या कार्ल फ्रिस्टन यांच्याकडे बघावं.

फ्रिस्टन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये असतात, मूळचे मनोविकारतज्ज्ञ. संशोधकाचं वजन मोजणारा एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमच्या २० निबंधांचे प्रत्येकी निदान २० दाखले असतील, तर तुमचा एच २०. फ्रिस्टन यांचा अडीचशेच्या पुढे आहे! त्याच विद्यापीठातले जॉन ओकीफ यांनी आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या मेंदूतल्या पेशी शोधल्या, त्यासाठी २०१४ चं नोबेल घेतलं. या मोजणीत ते कितीतरी मागे आहेत.

कारण फ्रिस्टन यांनी हत्यार बनवलं आणि फुकट वाटलं. त्याचं नाव एसपीएम, म्हणजे स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग. मेंदूच्या स्कॅनमधला कोणता भाग खरोखर 'पेटला', म्हणजे कामाला लागला, हे ठरवणारं सॉफ्टवेअर. जो वापरतो, तो दाखला देतो.

हे ठरवणं अवघड का? हे स्कॅन काढणारं एफएमआरआय यंत्र विचार टिपत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार टिपतं. मेंदूचे तीन-तीन मिलिमीटरचे ठोकळे पाडले तर साधारण ५० हजार ठोकळे होतात आणि प्रत्येकावर वेगळी चाचणी लागते. पाच टक्के चूक चालवून घेतली, तर काहीच घडत नसताना अडीच हजार ठोकळे पेटलेले दिसतील. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्यांच्या मनात काय चाललंय ते 'विचारलं'. इतक्या चाचण्यांसाठी दुरुस्ती न केलेल्या हिशेबात माशाच्या मेंदूत हालचाल सापडली. दुरुस्ती केल्यावर गायब. त्यांना २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक.

सोपी दुरुस्ती म्हणजे पाच टक्क्यांना ५० हजारांनी भागायचं. पण ती फार कडक होते, खरं असलेलंही पुसून टाकते. शिवाय शेजारचे ठोकळे एकमेकांसारखेच वागतात, म्हणजे ५० हजार चाचण्या मुळात स्वतंत्र नसतात. मग खऱ्या स्वतंत्र चाचण्या किती? इथे मला सगळ्यात आवडणारं गणित येतं. स्कॅनमधला गोंगाट म्हणजे डोंगराळ मुलूख समजा, त्यात धरणाचं पाणी चढतंय. आधी दऱ्या बुडतात, खिंडी बुडतात, शेवटी चार-दोन माथे बेटांसारखे उरतात. पाणी पुरेसं चढलं की 'ऑयलर कॅरॅक्टरिस्टिक' ही भूमितीतली संख्या बेटांच्या संख्येएवढी होते, आणि तिची सरासरी सूत्राने काढता येते. मुलखाचं आकारमान आणि डोंगरउतार किती सौम्य आहेत, एवढं त्याला पुरतं. निव्वळ गोंगाटात सरासरी ०.०५ बेटं (म्हणजे तेच पाच टक्के) उरतील ती पातळी शोधायची. तिच्या वर जे डोकं काढेल त्यावर विश्वास ठेवायचा. गणितज्ञ रॉबर्ट ॲडलर यांच्या भूमितीवरून हे मेंदूच्या स्कॅनसाठी बसवण्यात माँट्रियलच्या कीथ वर्स्ली यांचा वाटा मोठा. फ्रिस्टन यांनी ते सॉफ्टवेअरमधून घरोघर पोचवलं.

(मुलांचा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेट' करून डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग आपल्याकडे हजारोंची फी घेतात. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, नाहीतर डोळेही हलले नसते. तिथे कुठलाही हिशेब लागत नाही; नाकाजवळच्या फटीतून दिसतं, एवढंच.)

फ्रिस्टन यांचं दुसरं मोठं काम 'फ्री एनर्जी' तत्त्व: मेंदू सतत भाकितं करतो आणि धक्के कमी करू पाहतो. ते किती जणांना नीट कळलंय, याबद्दल मेंदूवाल्यांतच विनोद चालतात. पण अडीचशेचा पाया हत्याराचा आहे, या तत्त्वाचा नव्हे.

हत्यार लाखो हातांत गेलं की गृहीतकं कुणी तपासत नाही. अँडर्स एकलुंड, टॉम निकल्स आणि हान्स क्नुट्सन यांनी २०१६ मध्ये ती तपासली. ४९९ निरोगी माणसांचे नुसते पडून असतानाचे स्कॅन घेतले, त्यांवर तीस लाख खोटे प्रयोग संगणकावर चालवले; तिथे जे सापडेल ते खोटंच असणार. एसपीएम आणि आणखी दोन प्रचलित सॉफ्टवेअरांत, शेजारी शेजारी पेटलेल्या ठोकळ्यांचे पुंजके मोजण्याच्या पद्धतीत, पाच टक्क्यांच्या जागी काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल आले. गोंगाटातलं साम्य अंतरानुसार जितक्या झपाट्याने ओसरतं असं धरलं होतं, तितकं ते ओसरत नव्हतं. ४० हजार निबंध बाद, अशी आवई उठली. निकल्स यांनी स्वतःच पुढे साधारण साडेतीन हजारांचा अंदाज दिला. फ्रिस्टन यांच्या गटाचं उत्तर असं, की कोणता ठोकळा पुंजक्यात धरायचा याचा सुरुवातीचा उंबरठा ०.००१ ठेवला तर पद्धत नीट चालते, ०.०१ असा ढिला ठेवणाऱ्यांनी आपलं बघावं. एकलुंड यांच्या आकड्यांतही कडक उंबरठ्यावर चूक बरीच कमीच दिसते.

या टीकेच्या निबंधातही फ्रिस्टन यांचे दाखले आहेत. मोजणीत ते कौतुकाच्या दाखल्यांइतकेच धरले जातात.