आखूड पाय, ठेंगणी उंची आणि 'कॉस्मेटिक' : पार्श्वभूमी

वाशी-नेरुळकडच्या किंवा घोडबंदर रोडवरच्या हाडांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तासभर बसलात, तर पायाभोवती स्टीलच्या कड्या घातलेला एखादा रुग्ण दिसायची शक्यता बरीच. बहुतेक वेळा तो बाइकवरून पडलेला असतो, नडगीचा चुरा झालेला असतो. लोक सरकून जागा देतात, 'किती दिवस झाले?' म्हणून विचारतात. त्याच कड्या धडधाकट पंचविशीतल्या पोराच्या दोन्ही पायांना असल्या, आणि त्या उंची वाढवण्यासाठी आहेत असे कळले, की बाकावरचा सूर बदलतो. 'हौसेनं पाय मोडून घेतले?' असे कुणीतरी पुटपुटतेच.

कड्या त्याच, हाड तेच, रोज नट फिरवायचा पानाही तोच. मग फरक नेमका कुठे आणि कुणी केला? मी तेरा वर्षे नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात विम्याच्या टेबलावर काढली, तेव्हा माझा ओढा कागदांकडे असणार हे आधीच सांगितलेले बरे. हाडांचा इतिहास डॉक्टर माझ्याहून चांगला सांगतील. मला ठाऊक आहे तो बिलाचा.

तरी सुरुवातीचे थोडे सांगावे लागेल. हाड कापून पाय ओढून लांब करायचा प्रयोग इटलीतल्या बोलोन्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच झाला होता. १९०५ साली त्याचा वृत्तान्त छापून आला. ती जोर लावून ओढायची पद्धत होती आणि नसांना ती मानवली नाही. खरी वाट सापडली सैबेरियातल्या कुर्गन गावी, १९५१ च्या सुमारास. महायुद्धातून परतलेल्या, हाडे न जुळलेल्या माणसांवर तिथला एक तरुण डॉक्टर उपचार करत होता. सायकलच्या आऱ्या ताणतात तशा बारीक तारा हाडातून आरपार घालून त्या त्याने गोल कड्यांना बांधल्या. तुटलेली टोके एकमेकांवर दाबायची म्हणून ही रचना होती. एका रुग्णाचा नट उलट्या बाजूने फिरवला गेला, टोके दूर गेली, आणि मधल्या फटीत नवे हाड धरले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण नियम पक्का ठरला: सावकाश ताण दिला तर हाड त्या ताणाच्या दिशेने वाढते.

सावकाश म्हणजे दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव करून चार वेळा. कड्या जोडणाऱ्या दांड्यांच्या आट्यांचे अंतर बरोबर १ मिलिमीटर असते, म्हणून नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे दिवसाचे काम. सकाळी पाव, दुपारी पाव, संध्याकाळी पाव, झोपताना पाव. त्या नटाला गॅरेजमधला दहाचा पाना बसतो. इलिझारोव्ह हे त्या डॉक्टरचे नाव आपल्याकडे वॉर्डात कुणी पूर्ण उच्चारत नाही. 'रिंग लावलीय' एवढेच म्हणतात.

रिंग जगाला माहीत झाली ती दोन रुग्णांमुळे. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्ण मिळवलेल्या सोव्हिएत खेळाडूचा पाय १९६५ साली मोटरसायकलच्या अपघातात चिरडला होता. कितीतरी शस्त्रक्रियांनंतर तो कुर्गनला पोचला. दुसरा एक इटालियन गिर्यारोहक. तो १९८० मध्ये तिथे गेला, पायावर चालत घरी आला, आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी कुर्गनच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले. तिथून ही विद्या पश्चिमेकडे आणि मग आपल्याकडे आली. आपल्याकडे ती आली ती न जुळणाऱ्या हाडांसाठी आणि पोलिओच्या पायांसाठी. एक पाय चार बोटे आखूड असलेली, गुडघ्यावर हात दाबून चालणारी मुले माझ्या वयाच्या प्रत्येकाने वर्गात पाहिली आहेत. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्या रांगेतली मुले कमी होत गेली, हात बसलेले सर्जन मात्र राहिले.

आता 'कॉस्मेटिक' या शब्दाकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे आहे.

डॉक्टरांच्या भाषेत हा शब्द सैलसर होता. 'आखूड पाय लांबवणे' हा उपचार आणि 'उंची वाढवणे' ही हौस, इतपत सगळ्यांना कळत होते, लिहून ठेवायची वेळ आली नव्हती. ती वेळ कराने आणली. २००९ च्या अर्थसंकल्पात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर सेवाकर बसला, त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. त्यातून काय वगळायचे हे सांगताना कायद्याने पहिल्यांदा रेघ मारली: जन्मजात दोष, वाढीतली विकृती, झीज होणारे आजार, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करायची शस्त्रक्रिया असेल, तर कर नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा ही रेघ जवळपास तशीच त्यात उतरली. फक्त त्याआधी, २०१२ मध्येच, केशरोपण कर लागणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसले होते आणि झिजेचे आजार सवलतीतून गळले होते.

वाचायला सरळ आहे. टेबलावर बसले की कळते, किती वाकडे आहे ते. पोलिओचा आखूड पाय यात कुठे बसतो? पोलिओ जन्मजात नाही. ती इजाही नाही. तो संसर्ग आहे. मुलाची वाढ चालू असताना स्नायू लुळे पडले म्हणून हाड मागे राहिले, तेव्हा 'वाढीतली विकृती' म्हणून तो आत घ्यायचा. आम्ही घेत होतो आणि त्यावर कुणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. पण मग ज्याची उंचीच वाढीच्या वयात खुंटली, त्याच्या बाबतीत 'वाढीतली विकृती' हेच शब्द का लागू नयेत? किती सेंटिमीटरच्या खाली विकृती आणि किती वर स्वभाव?

याचे एक उत्तर दुसऱ्याच कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बुटकेपणा हा हालचालीसंबंधीच्या दिव्यांगत्वाचा प्रकार मानला आणि आकडा दिला: प्रौढ वयात ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची, आणि त्यामागे वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारण. हा आकडा करासाठी नाही, दाखल्यासाठी आहे. पण एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदावर वापरायचा मोह कारकुनाला होतोच. माझी आजी १४५ सुद्धा नसेल. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती चढ चढायची. तिला कुणी दिव्यांग म्हटले असते तर तिने हंडा तिथेच पालथा केला असता.

विम्याने तिसरी रेघ मारली, आणि ती सगळ्यांत कडक. आधी प्रत्येक कंपनीची वगळणी वेगळी असायची. २०१९ मध्ये नियामकाने ती एका साच्यात आणली. त्यानुसार रूप बदलणाऱ्या उपचारांचा खर्च मिळत नाही. अपवाद फक्त अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा विमाधारकाच्या आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल तर तो टाळण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचाराचा. 'थेट' आणि 'तातडीचा' हे शब्द पुन्हा वाचा. पोलिओचा चार सेंटिमीटर आखूड पाय तातडीचा धोका थोडाच आहे? तो तीस वर्षे तसाच आहे. कंबर, पाठ, दुसरा गुडघा हळूहळू खचवतो, एवढेच. म्हणजे कराच्या रेघेप्रमाणे जो उपचार ठरतो, तोच विम्याच्या रेघेप्रमाणे रूपबदल म्हणून परत पाठवता येतो. प्री-ऑथच्या, म्हणजे विम्याच्या आगाऊ मंजुरीच्या, फॉर्मवर डॉक्टरांनी 'चालण्यातला दोष' असे ठळक लिहिले की काम व्हायचे, 'पायांच्या लांबीतला फरक' एवढेच लिहिले की शंकापत्र यायचे. एक्स-रे तोच. माझ्या मते या तीन रेघांपैकी कराची रेघ त्यातल्या त्यात शहाणी आहे, कारण ती निदान शरीराच्या कार्याबद्दल विचारते.

उंचीसाठी कड्या लावून घेणाऱ्यांना यातले काहीच मिळत नाही. कर लागतो, विमा लागत नाही, आणि खर्च काही लाखांत जातो. त्यांच्यासाठी कळीचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी निर्माण झाला. २०१६ साली शेजारच्या राज्यात, हैदराबादला, विशीतला एक इंजिनिअर घरच्यांना न सांगता भरती झाला आणि त्याने दोन्ही पायांवर ही शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांना कळले तेव्हा हाडे कापून झाली होती. गदारोळ झाला, वैद्यकीय परिषदेने चौकशी केली, डॉक्टरवर निलंबनाची कारवाई झाली. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. मुलगा सज्ञान होता, सही त्याची होती. मग आईवडिलांना विचारले नाही हा दोष कसा, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, सहा महिने ज्याला उचलून संडासला न्यावे लागणार त्याची सेवा करणाऱ्यांना विचारायला नको? मी स्वतः पहिल्या तटाचा, पण दुसऱ्याचे म्हणणे टेबलावर बसून रोज पाहिले आहे. सही एकाची असते, रजा दुसऱ्याच्या जातात. चीनने तर त्याआधीच, २००६ मध्ये, केवळ उंचीसाठी पाय लांबवण्यावर बंदी घातली होती. तिथे नोकऱ्यांच्या जाहिरातीत उंचीची अट सर्रास असे.

आपल्याकडे अट जाहिरातीत कमी आणि लग्नाच्या बायोडेटात जास्त. पोलीस भरतीत मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर लागतात, आणि दोन सेंटिमीटर कमी पडलेली पोरे दरवर्षी ठाण्याच्या मैदानावरून परत फिरतात. त्यातला एखादा 'ऑपरेशन करून येतो' म्हणतो तेव्हा त्याला कुणी सांगत नाही, की त्याच भरतीत १६०० मीटर धावायचेही आहे.

बरे होण्याचा हिशेब उंचीच्या हिशेबापेक्षा फार मोठा असतो. हाड कापल्यावर पाच-सात दिवस थांबतात, मग नट फिरवायला लागतात. ५ सेंटिमीटर म्हणजे ५० दिवस फक्त ताणण्याचे. एक्स-रेत त्या फटीत ढगासारखे काहीतरी दिसू लागते. ते घट्ट व्हायला सेंटिमीटरमागे महिना, कधी जास्त. तोवर कड्या पायात. हाड वाढते, पण पोटरीचा स्नायू मागे राहतो, त्यामुळे टाच वर उचलली जाते आणि पंजा खाली झुकतो. फिजिओ चुकवली की ही टाच परत टेकत नाही. तारा शिरतात तिथली कातडी रोज स्वच्छ करावी लागते, तरीही पू होतो. सिगारेट बंद, कारण हाड धरत नाही. आणि या सगळ्याच्या वर सिडकोच्या जुन्या इमारती. वाशी-नेरुळमधल्या कितीतरी चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरचा पेशंट फिजिओला खाली येऊ शकत नाही, म्हणून खाली भाड्याने खोली घेतलेले घर मी पाहिले आहे. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

कड्यांना कंटाळलेल्यांसाठी हाडाच्या पोकळीत बसणारी, बाहेरून चुंबकाने लांबणारी सळई आली. जखमा कमी आणि बाहेर काही दिसत नाही. पण टायटॅनियमच्या सळईवर पूर्ण वजन टाकता येत नव्हते, म्हणून पोलादाची आणखी मजबूत सळई २०१८ मध्ये निघाली. उंचीसाठी येणाऱ्यांची ती लाडकी झाली, कारण तीवर लवकर चालता येई. २०२१ च्या सुरुवातीला ती बाजारातून परत घ्यावी लागली. सळईच्या सांध्याशी गंज आणि त्याभोवती हाडात बदल आढळले होते. अशा परत घेण्याचा खर्च कुणाचा, यावर टेबलावर बराच काथ्याकूट झाला. पायातून काढायची ती रुग्णालाच, एवढे मात्र सगळ्यांना मान्य होते.

मी नोकरी सोडली त्या वर्षीची एक फाइल अजून आठवते. ऐरोलीकडचा मुलगा, उंचीसाठीचे ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेले, उजवी टाच टेकत नव्हती. आमच्याकडे टाचेमागची शिर (कंडरा) लांब करण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. बिलिंगने ती शरीराचे कार्य पूर्ववत करणारी म्हणून करमुक्त लावली. विम्याने ती कॉस्मेटिक उपचाराची पुढची पायरी म्हणून नाकारली. दोन्ही कागद एकाच फाइलीत, एकाच पिनेने टाचलेले होते.