बेडकाची अंडी, पण पाण्याबाहेरची

बेडकाची अंडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं पावसाळ्यातलं डबकं आणि त्यात साबुदाण्याच्या खिरीसारखा तरंगणारा पुंजका. शाळेतल्या तक्त्यावरही तेच चित्र. म्हणून डार्ट फ्रॉग (मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतले छोटे, रंगीत बेडूक) नव्यानं पाळणारा माणूस काचेच्या पेटीत अंडी दिसली की त्यांवर वाटीभर पाणी ओततो आणि आठवड्याच्या आत 'अंडी वांझ निघाली' म्हणून मोकळा होतो. त्यातली बरीचशी वांझ नसतात. गुदमरलेली असतात.

सुरिनाम, गयाना, ब्राझीलच्या जंगलातल्या डेंड्रोबेटीस टिंक्टोरिअस या जातीच्या डार्ट फ्रॉगची मादी ओल्या पालापाचोळ्यात अंडी घालते, एका वेळी साधारण चार-सहा. नर येऊन ती ओली ठेवतो. पिल्लं फुटली की त्यांना पाठीवर घेऊन ढोलीत साचलेल्या पाण्यात नेऊन सोडतो. म्हणजे पाणी लागतं, पण नंतर.

कारण प्राणवायू. कोवळ्या गर्भाला कल्ले नसतात, हृदय नुकतंच तयार होत असतं. बाहेरचा प्राणवायू जेलीतून झिरपत आत जाईल तेवढाच त्याचा. हवेच्या मानानं पाण्यात हे झिरपणं सुमारे दहा हजार पट मंद असतं. त्यातही एक मेख आहे. अंतर दुप्पट झालं की झिरपायला लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. अंड्यावर दोन मिलिमीटर साचलं पाणी असणं आणि सहा मिलिमीटर असणं यात झिरपण्याच्या वेळेत तिपटीचा नव्हे, नऊपटीचा फरक पडतो. डबक्यातल्या बेडकांची अंडी सुटसुटीत तरंगतात, आजूबाजूचं पाणी हलतं, म्हणून त्यांचं निभतं. आपण अंडी उचलून ज्या डिशमध्ये ठेवतो, तिच्यातलं पाणी हलत नाही.

आता यात सोलापूर घाला. २४ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात फार तर ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना ७.३. हे समुद्रसपाटीचे आकडे. आपण साडेचारशे मीटर वर, म्हणजे आणखी थोडा कमी. उलट गर्भाची भूक तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानानं दुप्पट होते, म्हणजे आठ अंशांत जवळपास पावणेदोन पट. पुरवठा घटला, मागणी वाढली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अंडी नुसत्या खोलीत ठेवणं म्हणजे ती मारणंच. २२ ते २५ अंशांत ठेवायची. एसी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर डिश झाकणाच्या डब्यात, डबा परातीत, परातीत बोटभर पाणी, आणि डब्याभोवती एक टोक त्या पाण्यात बुडेल असा सुती सोलापुरी टॉवेल. ४० अंशांच्या हवेत आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या कापडाला २२-२३ अंशांपर्यंत उतरायला वाव असतो. प्रत्यक्षात २६-२७ मिळाले तरी खूप. माठाचंच शास्त्र हे. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती लंगडी पडते. मग थर्माकोलच्या पेटीत बर्फाची बाटली; मात्र ती डिशला टेकवायची नाही आणि थर्मामीटर आतच ठेवायचा.

पाऊस लांबला की बेडकांची लग्नं लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. हळद-कुंकू फासून त्याला उन्हात मिरवलं की पाऊस येत नाही, बेडूक जातो.

डिशमध्ये पाणी किती? जेलीचा तळ ओला राहील इतकंच, एक ते दोन मिलिमीटर. अंड्यांचे माथे उघडे हवेत. उजनीचं नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतं. अंड्यांसाठी आरओचं पाणी चालतं. देशी बदामाचं वाळून गळालेलं एक पान लिटरभर पाण्यात उकळा. फिक्या चहाच्या रंगाचं झालं की गार करून वापरा. त्यातल्या टॅनिनमुळे बुरशीला थोडा आळा बसतो. 'बुरशीवर हमखास' म्हणून बाटलीबंद थेंब विकतात, ते आधी घेऊ नका. बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या अंड्यावर आधी धरते. राखाडी-पांढरं, गढूळ झालेलं अंडं दिसलं की दोन सुयांनी जेली अलगद वेगळी करून ते काढून टाका. शेजारच्याची जेली फाटणार असेल तर मात्र राहू द्या.

तीन-चार दिवसांनी गोळा लांबट होतो, मग इंग्रजी 'सी'सारखा वाकतो, शेपूट फुटते, मानेशी पिसांसारखे बाहेरचे कल्ले दिसतात. दोन आठवड्यांच्या आसपास जेली सैल पडून पाझरते आणि पिल्लू सरळ होतं. टोकरून बाहेर काढू नका. सरळ होऊनही दोन दिवस अडकून राहिलं तर पाणी थोडं वाढवा. आता कल्ले आहेत, चालतं.

प्रत्येकाला वेगळं घर, कारण टिंक्टोरिअसची पिल्लं एकमेकांना खातात. अर्धा किलोचा श्रीखंडाचा डबा साबण न लावता गरम पाण्यानं धुवा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी: तीन भाग आरओ, एक भाग चोवीस तास उघडं ठेवलेलं नळाचं, आणि बदामाच्या पानाचा तुकडा. डिश आणि डब्याचं तापमान सारखं असू द्या. पिल्लू चमच्यानं पाण्यासकट उचला.

पहिले दोन-तीन दिवस ते तळाशी निपचित पडतं, कधी कुशीवर. मेलं समजून फेकू नका. पोटात पिवळा बलक शिल्लक असतो, त्यावर ते जगत असतं. या दिवसांत टाकलेलं खाद्य फक्त पाणी नासवतं. बलक संपला की स्पिरुलिना (पूड करून मिळणारं नीलहरित शेवाळ) आणि माशांच्या खाद्याची पूड, खसखशीच्या दोन-चार दाण्यांएवढी, आठवड्यातून दोनदा. अर्धं पाणी दर आठवड्याला बदला.

डार्ट फ्रॉगच्याच ऊफॅगा गटातल्या जाती घेतल्या असतील तर पिल्लं वेगळी वाढवण्याचं यातलं काही लागू नाही. तिथे आई पिल्लांना स्वतःची न फळलेली अंडी खाऊ घालते, त्यामुळे पिल्लं आईजवळच राहू द्यावीत. आणि शेजारी 'विषारी बेडूक पाळलेत' म्हणून ओरडले तर सांगा, हे विष जंगलातल्या मुंग्या, माइट (अगदी सूक्ष्म किडे) अशा खाण्यातून साठतं. फळमाश्यांवर वाढलेल्या पैदाशीत ते नसतं. कागद मात्र चोख ठेवा. हे बेडूक 'साइट्स' या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, आणि घरात जन्मलेली पिल्लंही.

खायला घातल्यावर एक-दोन दिवसांनी डब्याच्या तळाशी भिंगातून पाहा. दोऱ्यासारखी हिरवट काळी विष्ठा दिसली, तर आतडं चालू झालं.