घरच्याच ब्रँडला घरच्याच कंपनीचा परवाना: करार, अर्ज आणि कागदपत्रं

प्रवर्तक एकच, ऑफिस एकच, सहीसुद्धा बहुतेक वेळा एकाच माणसाची. मग एका कंपनीच्या नावावरचा ट्रेडमार्क दुसरीने वापरला तर करार कशाला, असं समूह चालवणारे हमखास विचारतात. कायदा मात्र नात्यागोत्याकडे बघत नाही. होल्डिंग कंपनी (जिच्याकडे दुसऱ्या कंपन्यांची मालकी असते ती) वेगळी व्यक्ती, तिच्या ताब्यातली उपकंपनी वेगळी व्यक्ती. मालकी एकीची आणि वापर दुसरीचा असेल, तर मधे कागद लागतो.

तो कागद नसला की काय होतं ते आधी बघू. समजा, एक होल्डिंग कंपनी स्वतः काहीच विकत नाही, फक्त नाव सांभाळते. माल विकतात तिच्या तीन उपकंपन्या. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम ४७ नुसार नोंदवलेलं चिन्ह सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरलं गेलं नाही, तर ते नोंदवहीतून काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. बाजारात माल धो-धो खपत असतो, पण मालकाने वापर केला का, या प्रश्नाचं उत्तर अडचणीचं ठरतं. ती अडचण कलम ४८ सोडवतं: परवानगीने झालेला वापर हा मालकाचाच वापर धरला जातो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण हेच आहे, रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचा मोबदला, नंतर. पुण्याच्या किर्लोस्कर समूहात 'किर्लोस्कर' ही चिन्हं किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या स्वतंत्र कंपनीकडे आहेत. अशा रचनेत परवाना करार हाच कणा असतो.

पात्र कोण?

चिन्ह नोंदणीकृत हवं. नुसता अर्ज प्रलंबित असेल तर करार करून ठेवता येतो, पण वापरकर्त्याची नोंद होत नाही. दुसरं म्हणजे, परवाना देणारी कंपनीच नोंदवहीत मालक म्हणून दिसायला हवी. इथेच निम्मी प्रकरणं अडतात. चिन्ह वडिलांच्या नावावर, किंवा विलीनीकरणात संपलेल्या जुन्या कंपनीच्या नावावर, आणि करारावर सही भलत्याच कंपनीची. असं असेल तर आधी टीएम-पी फॉर्म भरून मालकी बदलून घ्या, मग पुढचं. नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण झालेली आहे ना, तेही त्याच वेळी तपासा.

परवान्याचे मार्ग दोन. एक, लेखी करार करून वापर द्यायचा आणि ट्रेडमार्क कार्यालयात न जाता थांबायचं. हेही कायद्याला मान्य आहे. पण अशा वापरकर्त्या कंपनीला नक्कल करणाऱ्यावर स्वतःच्या नावाने उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. दुसरा मार्ग 'नोंदणीकृत वापरकर्ता' होण्याचा, म्हणजे वापरणाऱ्या कंपनीचं नाव ट्रेडमार्क कार्यालयात नोंदवण्याचा. त्यात करारात वेगळं ठरलं नसेल तर दावा लावता येतो. कारखाना आणि विक्री दोन्ही उपकंपनीकडे असेल, तर हा दुसरा मार्ग घ्यावा असं मी सांगेन.

अर्ज आणि कागद

अर्ज टीएम-यू या फॉर्मवर, मालक कंपनी आणि वापरकर्ती कंपनी अशा दोघींनी मिळून करायचा. कराराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. शुल्क प्रत्येक चिन्हामागे ऑनलाइन ४,५०० रुपये, कागदी अर्जाला ५,०००. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मालकांसाठी कार्यालय मुंबईचं.

सोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत, आणि मालक कंपनीचं प्रतिज्ञापत्र. एजंट किंवा वकील असेल तर मुखत्यारपत्र. दोन्ही कंपन्यांच्या संचालक मंडळांचे ठरावही तयार ठेवा. शक्यतो दोन्हीकडून सही करणारी माणसं वेगळी असू द्या. एकाच संचालकाने दोन्ही बाजूंनी सही केलेला करार लगेच रद्द ठरतो असं नाही, पण पुढे कोणी तो नुसता देखावा आहे असं म्हटलं तर उत्तर देताना घाम फुटतो.

प्रतिज्ञापत्रावर वेळ खर्च करा. त्यात दोन कंपन्यांमधलं नातं, मालकाचं वापरावर किती आणि कसं नियंत्रण आहे, कोणत्या वस्तू किंवा सेवांसाठी परवाना आहे, अटी काय, मुदत किती आणि ही एकमेव वापरकर्ती आहे का, हे सगळं द्यावं लागतं. 'आमची १०० टक्के उपकंपनी आहे' एवढ्यावर नियंत्रण सिद्ध झालं असं धरून चालू नका. नमुने कोण तपासतं, लेबल कोण मंजूर करतं, कारखान्यात कधीही शिरण्याचा हक्क आहे का, ते लिहा. गुणवत्तेची अट करारात आहे पण कोणी पाळत नाही, हे नोंद रद्द होण्याचं एक कारण आहे. म्हणून तपासणीचे अहवाल खरोखर फाइलला लागले पाहिजेत.

नोंदणीकृत वापरकर्त्याला आपला हक्क पुढे हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे नातकंपनीला, म्हणजे उपकंपनीच्या उपकंपनीला, परवाना द्यायचा तर मालकाने तिच्याशी थेट वेगळा करार करणं उत्तम.

पेटंट असेल तर सूट कमी. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ६८ नुसार परवाना लेखीच हवा, आणि फॉर्म १६ भरून नोंद करावी लागते. नोंद नसलेला दस्त न्यायालय सहसा पुरावा म्हणून घेत नाही. कॉपीराइटची (सॉफ्टवेअर, माहितीपत्रकं, पॅकिंगवरचं चित्र) नोंदणी सक्तीची नाही, पण लेखी परवाना हवा. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. समूहाची दुबईत शाखा असेल तर ही न लिहिलेली एक ओळ महागात पडते.

पैसे, कर आणि मंजुरी

'रॉयल्टी शून्य' लिहिलं की कर संपला, हा गैरसमज. संबंधित कंपन्यांमध्ये व्यवसायासाठी फुकट दिलेली गोष्टसुद्धा जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार पुरवठाच असते. दर १८ टक्के. घेणाऱ्या कंपनीला पूर्ण इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत असेल तर बिलावरची रक्कमच बाजारमूल्य मानली जाते. म्हणून शून्यापेक्षा वाजवी रक्कम लावून रीतसर बिल करणं सोयीचं. रॉयल्टी देताना देशातल्या कंपनीसाठी १० टक्के टीडीएस कापायचा.

मालक परदेशी असेल तर २००९ च्या अखेरीपासून रॉयल्टीवरची सरकारी मर्यादा उठली आहे. रॉयल्टी पाठवताना करकपात २० टक्के, वर अधिभार आणि उपकर. त्या देशाशी भारताने केलेल्या कर करारात कमी दर असेल तर तो लागू होतो, जपानशी १० टक्के. त्यासाठी त्या देशाचं कर-निवासी प्रमाणपत्र लागतं. शिवाय ट्रान्स्फर प्रायसिंग, म्हणजे परक्या कंपनीने एवढीच रॉयल्टी मागितली असती का, याचा दरवर्षीचा सीएचा अहवाल.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची गोष्ट निराळी. सेबीच्या नियमांनुसार ब्रँड-वापर किंवा रॉयल्टीची रक्कम एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली की भागधारकांची मंजुरी लागते, आणि त्यात संबंधित पक्षाला बाजूने मत देता येत नाही. २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी ४.५ टक्क्यांवरून दरवर्षी ०.१५ ने वाढवत ५.२५ टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव ठेवला, आणि भागधारकांनी तो फेटाळला. खाजगी कंपनीला एवढं नाही, पण कंपनी कायद्याचं कलम १८८ (संबंधित पक्षांमधल्या व्यवहारांचं) आणि संचालकांनी आपला हितसंबंध जाहीर करणं सुटत नाही.

मुद्रांक शुल्काचं विसरू नका. महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून आला, आणि कराराने पैशात मोजता येईल असा हक्क निर्माण होत असेल तर शुल्क रकमेवर मोजलं जातं. नक्की आकडा वकिलाकडून काढून घ्या.

शेवटी एक कलम, जे घरच्या करारात कोणी लिहीत नाही: ही उपकंपनी विकली तर काय? परवाना आपोआप संपेल, नव्वद दिवसांत माल आणि पाट्या काढल्या जातील, कंपनीच्या नावातला शब्द बदलला जाईल, असं सुरुवातीलाच लिहून ठेवा. मग टीएम-यू फॉर्मवरच नोंद रद्द करून घ्यायची.