जाहिरातीची ओळ ‘सुचते’, हा गैरसमज

जाहिरातलेखन ही उपजत देणगी असून उत्तम ओळ क्षणात स्फुरते, या समजामुळे अनेक होतकरू मुले या व्यवसायात शिरण्याआधीच माघार घेतात, याचे मनापासून वाईट वाटते. ताशी ६० मैल वेगाने धावणाऱ्या रोल्स-रॉइसमध्ये सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, हे १९५८ च्या प्रसिद्ध जाहिरातीतील विधान ती लिहिणारे जाहिरातलेखक डेव्हिड ऑगिल्वी यांना स्फुरले नव्हते. गाडीविषयी तीन आठवडे वाचन करताना ते एका मोटार-समीक्षेत सापडले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. शिवाय पॅरिसमध्ये आचारी, स्कॉटलंडमध्ये घरोघरी शेगड्या विकणारे आणि पुढे गॅलप यांच्या संस्थेत जनमत-संशोधक राहिलेल्या ऑगिल्वींनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जाहिरातसंस्था काढली, तेव्हा त्यांची पस्तिशी उलटली होती.