भडंगातले शेंगदाणे आणि आतड्यातले खिसे

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘डायव्हर्टिक्युलोसिस’, म्हणजे आतड्याला छोटे खिसे, असं लिहून आलं की सांगलीतल्या घरात पहिली गदा येते ती भडंगावर, त्यातल्या शेंगदाण्यांमुळे. मग कृष्णाकाठची वांगी, आटपाडीचं डाळिंब, तिळाची चटणी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असं एकेक ताटातून उठतं. कारण एकच: बी आतड्यात अडकेल. आपल्याकडे बियाच वगळायच्या म्हटल्या तर खायला उरतं काय? दूधभात आणि साताऱ्याचे कंदी पेढे.

ही भीती लोकांनी मनाने काढलेली नाही, अनेक वर्षं डॉक्टरच तसं सांगत. अमेरिकेत 47,000 हून जास्त पुरुषांची 18 वर्षं माहिती ठेवली गेली आणि 2008 साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यातून दोनदा तरी सुकामेवा किंवा पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हे खिसे सुजण्याचा आजार जास्त झाला नव्हता, उलट थोडा कमीच झाला होता. म्हणजे भडंग सुटलं. त्यातलं तिखट सोसत नसेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या आतड्याच्या स्नायूच्या भिंतीतून रक्तवाहिन्या जिथे आत शिरतात, तिथे ती भिंत जरा कच्ची असते. आतला दाब वाढला की टायरच्या चिरेतून ट्यूब फुगून यावी तसं आतलं अस्तर तिथून बाहेर येतं आणि छोटा खिसा तयार होतो. असे खिसे असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. वय वाढेल तसे ते अनेकांना होतात आणि बहुतेकांना कधी कळतही नाहीत. त्यांना सूज आली, जंतुसंसर्ग झाला, की तो डायव्हर्टिक्युलायटिस. खिसे असलेल्या शंभरातल्या पाचांनाही ही वेळ येत नाही. पाश्चात्त्य देशांत दुखणं बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला, खाली असतं. आशियाई लोकांत उजवीकडचे खिसे जास्त सापडतात, त्यामुळे अपेंडिक्सच सुजलं असं वाटू शकतं.

जेवणात चोथा कमी, म्हणून मळ कमी आणि घट्ट, म्हणून तो पुढे ढकलायला आतड्याला जोर जास्त, असं गणित पेंटर आणि बर्किट या ब्रिटिश डॉक्टरांनी 1971 मध्ये मांडलं. ते पूर्ण सुटलेलं नाही. 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात जास्त चोथा खाणाऱ्यांनाही खिसे कमी नव्हते. पण खिसे होणं वेगळं आणि त्यांनी आजारी पडणं वेगळं. ब्रिटनमधल्या सुमारे 47,000 लोकांच्या पाहणीत शाकाहारी आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांवर या आजारासाठी दवाखाना गाठायची वेळ कमी आली होती.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पुरेसा धरतात. माण, खटाव, जतकडच्या माणसाला त्यासाठी बाजारातली पावडर कशाला हवी? 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. शाळूची भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि एक पेरू, एवढ्यात बरंच काम होतं. मात्र आजवर भातावर असलेल्या माणसाने एकदम दोन्ही वेळा भाकरी-उसळ सुरू केली तर पोट गुबारतं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं आणि पाणी भरपूर प्यावं.

दुखणं उसळलं की मात्र सगळं उलटं. तेव्हा भाकरी बंद, उसळ बंद. डॉक्टर सांगतील तसं थोडे दिवस नारळपाणी, वरणाचं पाणी, भाताची पेज, उतार पडला की मऊ भात, आणि मग हळूहळू नेहमीचं जेवण. खरा घोटाळा इथे होतो. दुखण्यातलं हे पथ्य कितीतरी जण पुढे वर्षानुवर्षं पाळत बसतात आणि चोथा कायमचा सुटतो. ताप, उलट्या, शौचातून रक्त किंवा वाढत जाणारी कळ असेल तर पेजेवर थांबू नये, दवाखाना गाठावा.

बियांना घाबरणारी बरीच मंडळी गुडघे दुखले की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणून खातात. या गोळ्यांनी खिशांची सूज आणि रक्तस्राव, दोन्हींचा धोका वाढतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना शेंगदाण्यांबद्दल नाही विचारलं तरी चालेल, या गोळ्यांबद्दल विचारा.