अमेरिकेतल्या स्काउट ट्रूपमधली नेतृत्वपदे: पात्रता, निवड आणि लागणारी कागदपत्रे

मूल स्काउटमध्ये 'फर्स्ट क्लास' या रँकला पोचले की मराठी पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: पुढच्या रँकसाठी लीडरशिप लागते म्हणतात, ती कुठे मिळते आणि अर्ज कोणाकडे द्यायचा? प्रश्न साहजिक आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी स्काउट-गाइड पाहिले ते महाराष्ट्रातल्या शाळेत. तिथे पथक शाळेचे असायचे, प्रमुख सर किंवा बाई असायच्या आणि संघनायक कोण होणार हेही बहुधा तेच ठरवायचे. इथल्या 'स्काउटिंग अमेरिका'त (फेब्रुवारी २०२५ पर्यंतचे नाव 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका') ट्रूप, म्हणजे पथक, मुलांनी चालवायचा असतो. पद मिळते ते मुलांच्या मतांनी, नाहीतर निवडून आलेल्या मुलाने केलेल्या नेमणुकीने. आईबाबांनी अर्ज करून मिळवायची ही गोष्ट नाही, आणि माझ्या मते या संस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

आधी नोंदणी

ट्रूपमध्ये ११ ते १७ वयाची मुले-मुली येतात. वय १० पूर्ण असेल आणि पाचवी झाली असेल, किंवा कब स्काउट या लहान मुलांच्या विभागातली 'ॲरो ऑफ लाइट' ही शेवटची रँक मिळाली असेल, तरी प्रवेश मिळतो. नागरिकत्वाची अट नाही. एच-४ व्हिसावर आलेली मुलेही नोंदणी करू शकतात. शपथेत देवाप्रति कर्तव्याचा उल्लेख आहे, पण धर्म कोणता असावा याचे बंधन नाही. अर्जावर पालकांची सही लागते आणि सोबत वार्षिक आरोग्य फॉर्म द्यावा लागतो. त्याचे ए आणि बी भाग सगळ्यांनी भरायचे. ७२ तासांहून लांब शिबिराला सी भागही लागतो, आणि त्यावर तपासणी करून डॉक्टरांनी सही करायची असते. आठवड्याचे उन्हाळी शिबिर यातच येते, म्हणून डॉक्टरांची वेळ मार्च-एप्रिलमध्येच घेऊन ठेवा.

कोणती पदे असतात, कोणती धरली जातात

सर्वांत वर सीनियर पेट्रोल लीडर, ज्याला सगळे एसपीएल म्हणतात. त्याला किंवा तिला पूर्ण ट्रूप मत देऊन निवडतो. ट्रूप सहा-आठ जणांच्या पेट्रोलमध्ये (संघांमध्ये) विभागलेला असतो आणि प्रत्येक पेट्रोल आपला पेट्रोल लीडर निवडते. बाकीची बहुतेक पदे एसपीएल स्काउटमास्टरच्या (ट्रूपच्या प्रौढ प्रमुखाच्या) सल्ल्याने भरतो: असिस्टंट एसपीएल, नव्या मुलांना हाताशी धरणारा ट्रूप गाइड, सभांची नोंद ठेवणारा स्क्राइब, सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर, शिवाय लायब्रेरियन, हिस्टोरियन, इन्स्ट्रक्टर, धार्मिक बाबतीत मदत करणारा चॅप्लेन एड, वेबमास्टर, निसर्गात कसे वागावे ते शिकवणारा आउटडोअर एथिक्स गाइड. कब स्काउटच्या लहान मुलांबरोबर काम करणारा डेन चीफही या यादीत मोडतो. १६ पूर्ण झालेल्या अनुभवी मुलांसाठी ज्युनियर असिस्टंट स्काउटमास्टर हे पद आहे.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. असिस्टंट पेट्रोल लीडर हे पद ट्रूपमध्ये असते, त्याचा बिल्लाही असतो आणि कामही खरेखुरे असते, पण रँकसाठी ते धरत नाहीत. आणि बिगुल वाजवणारा ब्युगलर स्टार आणि लाइफ या रँकना चालतो, ईगल या सर्वोच्च रँकला चालत नाही. मूल पद स्वीकारते त्याच दिवशी हे त्याला माहीत असायला हवे.

महिन्यांचा हिशेब

स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास या पहिल्या चार रँकना पदाची अट नाही. स्टारसाठी ४ महिने, लाइफसाठी ६ महिने आणि ईगलसाठी पुन्हा ६ महिने जबाबदारीच्या पदावर काम करावे लागते. मोजणी आधीची रँक मिळाल्याच्या तारखेपासून होते. समजा, मुलगी टेंडरफूट असतानाच पेट्रोल लीडर झाली. ते महिने वाया गेले असे कोणी म्हणू नये, त्यातून ती शिकलीच. मात्र स्टारसाठी मोजायचे ते फर्स्ट क्लास मिळाल्यानंतरचे महिने. ती तेव्हाही त्याच पदावर असेल तर नवी निवडणूक लढवावी लागत नाही, पुढचे दिवस आपोआप धरले जातात.

महिने सलग असायची गरज नाही. तीन महिने स्क्राइब आणि नंतर तीन महिने इन्स्ट्रक्टर, अशी बेरीजही चालते. पद मिळतच नसेल तर स्टार आणि लाइफसाठी स्काउटमास्टरच्या संमतीने ट्रूपच्या उपयोगाचा एखादा नेतृत्व-प्रकल्प घेता येतो. ईगलसाठी ही वाट बंद आहे. म्हणून लाइफ झालेले मूल सतरा वर्षांचे असेल आणि त्याच्याकडे पद नसेल, तर त्याने त्याच आठवड्यात स्काउटमास्टरशी बोलावे.

नुसता बिल्ला लावून सहा महिने काढले, एवढ्याने भागत नाही. कोणत्या पदाकडून काय अपेक्षा आहे, हे ट्रूपने आधी सांगायला हवे. मूल कमी पडत असेल तर स्काउटमास्टरने वेळीच बोलून सुधारायची संधी द्यायला हवी, आणि तरीही जमले नाही तर पदावरून दूर करण्याचा अधिकार ट्रूपला आहे. पण मुदत संपेपर्यंत काहीच न बोलता शेवटी महिने नाकारणे संस्थेच्या 'गाइड टू ॲडव्हान्समेंट' या रँकविषयीच्या नियमपुस्तकाला धरून नाही. सांगायचे एवढेच की पद मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतः जाऊन विचारावे, "माझ्याकडून नक्की काय हवे आहे?" उत्तर वहीत लिहून घ्यावे. हे संभाषण पालकांनी करू नये.

क्वार्टरमास्टरचे उदाहरण

कागदावर हे पद किरकोळ वाटते, पण मुलांना घडवते ते असेच काम. शिबिराआधी प्रत्येक पेट्रोलला तंबू, ताडपत्री, स्टोव्ह, भांड्यांची पेटी मोजून द्यायची आणि कोणी काय नेले ते लिहून ठेवायचे. रविवारी दुपारी सगळे दमून परत येतात. शिबिरात पाऊस झालेला असेल तर तंबू ओले असतात आणि ते तसेच गुंडाळले तर दोन आठवड्यांत बुरशी धरते. मग कोणता तंबू कोणाच्या गॅरेजमध्ये वाळत घालायचा हे ठरवायचे, खुंट्या मोजायच्या, फाटलेली चेन वेगळी काढायची, डच अव्हनला (बिडाच्या जाड पातेल्याला) तेलाचा हात फिरला आहे की नाही ते बघायचे. मोठ्या मुलाला "तुझा तंबू अजून आला नाही" असे फोन करून सांगायचे. बारा वर्षांच्या मुलाला हा फोन जड जातो. तो त्याने केला की तो बदलतो.

निवडणूक आणि नेमणूक कशी होते

बहुतेक ट्रूपमध्ये निवडणूक सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होते. एसपीएल होण्यासाठी वय, रँक, हजेरी यांच्या अटी ट्रूप स्वतः ठरवतो, म्हणून आपल्या ट्रूपचे नियम विचारून घ्या. उमेदवार दोन मिनिटे बोलतो, मग मतदान होते. नेमणुकीच्या पदांसाठी काही ट्रूप एक पानाचा अर्ज घेतात: कोणते पद हवे, का हवे, सहा महिन्यांत काय करशील, क्लास आणि खेळ सांभाळून किती वेळ देशील. हा अर्ज मुलाच्याच शब्दांत असावा. सफाईदार इंग्रजीतल्या अर्जापेक्षा "मला तीन मुलांना गाठी शिकवायच्या आहेत" हे साधे वाक्य जास्त भरवशाचे वाटते.

निवड झाल्यावर स्काउटमास्टर आणि एसपीएल मिळून ट्रूपपातळीवरचे प्रशिक्षण देतात. मोठ्या मुलांसाठी कौन्सिल (संस्थेची स्थानिक शाखा) भरवते ते आठवडाभराचे 'नॅशनल युथ लीडरशिप ट्रेनिंग', ज्यासाठी स्काउटमास्टरची शिफारस मिळवावी लागते. जमत असेल तर जरूर पाठवा. त्यानंतर कामाची खरी जागा म्हणजे पेट्रोल लीडर्स कौन्सिल. एसपीएल अध्यक्ष असतो, पेट्रोल लीडर आपापल्या पेट्रोलचे म्हणणे मांडतात आणि कुठे जायचे, काय शिकायचे ते मुलेच ठरवतात.

पदाची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा स्काउटबुक या ऑनलाइन नोंदवहीत चढल्या की नाही, ते मुलाने त्याच महिन्यात तपासावे. तीन वर्षांनी तारखा शोधत बसणे फार त्रासाचे होते, आणि तोवर स्काउटमास्टर बदललेला असू शकतो.

ईगलच्या अर्जासोबत काय लागते

२१ मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले), लाइफनंतरचे सहा महिने आणि सेवा-प्रकल्प हे तिन्ही झाले की अर्ज भरायचा. प्रकल्पाची वर्कबुक सोबत लागते, आणि त्यातल्या प्रस्तावावर प्रकल्पाचा लाभ घेणारी संस्था, स्काउटमास्टर, ट्रूपमधल्या प्रौढांची कमिटी आणि कौन्सिल किंवा त्याखालचे डिस्ट्रिक्ट या चौघांच्या सह्या काम सुरू होण्याआधीच्या हव्यात. शाळा, मंदिर, ग्रंथालय यांच्यासाठी प्रकल्प चालतो, स्काउट संस्थेसाठी चालत नाही. अर्जात पदाचे नाव आणि तारखा लिहायच्या. शिफारशीसाठी नावे द्यायची: पालक, शिक्षक, धर्मसंस्थेतली व्यक्ती, नोकरी असल्यास मालक, आणि आणखी दोन ओळखीचे. कुटुंब कुठल्या धर्मसंस्थेशी जोडलेले नसेल तर धर्माची शिफारसही पालकच देऊ शकतात. मंदिरात कोणी ओळखीचे नाही म्हणून अडून बसू नका. पुढे काय करायचे आहे याविषयी मुलाने एक निवेदन लिहायचे असते, त्यात आजवरच्या नेतृत्वाचाही उल्लेख येतो.

बॅज, पदाचे महिने, प्रकल्प आणि स्काउटमास्टरबरोबरची बैठक हे सगळे अठरावा वाढदिवस येण्याआधी पूर्ण व्हायला हवे. बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे रँक देण्याआधीची शेवटची मुलाखत, त्यानंतर झाला तरी चालतो. बोर्डात तीन ते सहा प्रौढ असतात. स्वतःच्या मुलाच्या बोर्डात पालकांना बसता येत नाही. ईगलची तारीख म्हणून बोर्डाचीच तारीख लागते, पण राष्ट्रीय कार्यालयाकडून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. ते हातात पडेपर्यंत समारंभाचा हॉल बुक करू नका आणि भारतातून आजी-आजोबांची तिकिटेही काढू नका.